सेल्फ लागत नाही, किकवर लागते (किंवा उलट): बॅटरी बदलायच्या आधी काय काय बघायचं

पावसाळा लागला की आमच्या गोव्यातल्या म्हापसा-पेडणे पट्ट्यात गॅरेजवर सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच, "सेल्फ लागत नाही, बॅटरी बघा जरा". बरेच जण बॅटरी गेली असं ठरवूनच येतात, काही जण तर नवीन बॅटरी घालून येतात आणि तरी गाडी तशीच. हे काम मी वर्षानुवर्षं करतोय म्हणून सांगतो, किक आणि सेल्फ हे एकच इंजिन फिरवायचे दोन वेगळे रस्ते आहेत. एक बंद पडला की दुसरा मारून बघायचा, दोष कुठल्या बाजूला आहे ते बरंचसं तिथेच कळतं, पैसे न घालवता.

आधी लक्षणं

चावी फिरवा, बटण दाबा आणि गाडी नेमका काय आवाज करते ते ऐका. मोबाइलवर रेकॉर्ड केलंत तर अजून चांगलं.

बटण दाबलं आणि काहीच नाही, टक पण नाही: स्विच, स्टँड, क्लच, फ्यूज यातलं काहीतरी. बॅटरी पूर्ण मेलेली असू शकते पण मग मीटरचे दिवे पण लागणार नाहीत.

पटापट टक-टक-टक-टक होतंय, दिवे मंद होतायत, डिजिटल मीटरमधलं घड्याळ परत शून्यावर जातंय: बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीला वायर जोडायची टोकं, सैल आहेत. यातलं दुसरं कारण गोव्यात फार.

एकच जोरात टक आणि पुढे शांतता, दिवे मात्र झकास: रिलेपर्यंत (बटण दाबलं की बॅटरीचा करंट सेल्फच्या मोटरला सोडणारा स्विच) करंट आला, पुढे मोटरमध्ये गेला नाही. रिलेचे आतले कॉन्टॅक्ट, केबल, नाहीतर मोटरचे कार्बन ब्रश.

मोटर घर्रर्र करून सुसाट फिरते पण इंजिन फिरतच नाही: मोटरचा जोर इंजिनला देणारा वन-वे क्लच, ज्याला बुलेटवाले स्प्रॅग म्हणतात. हे घरी होण्यासारखं काम नाही.

इंजिन मस्त फिरतं, पण पेटत नाही, आणि किक मारली तरी नाही: इथे सेल्फचा काही दोष नाही, बॅटरीचाही बहुतेक नाही. पेट्रोल नाहीतर स्पार्क.

सेल्फ अजिबात नाही आणि दुसऱ्या किकला गाडी चालू: इंजिन, प्लग, पेट्रोल सगळं ठीक आहे, दोष फक्त सेल्फच्या लाइनमध्ये. हे एवढं जरी समजून घेतलंत तरी कुणी तुम्हाला उगाच कार्बोरेटर साफ करायला लावणार नाही.

किक पोकळ खाली जाते, घसरते, वर परत येत नाही किंवा अडकून बसते: याचं खाली वेगळं लिहिलंय.

फुकटातले चेक, हे आधी

किल स्विच. हसू नका, खरंच बघा. पावसात रेनकोटच्या बाहीने, नाहीतर पार्किंगमध्ये कुणीतरी हात लावून लाल स्विच बंद झालेला असतो. काही गाड्यांत त्याने सेल्फच फिरत नाही, काहींत सेल्फ फिरतो आणि स्पार्क मिळत नाही, म्हणजे माणूस बॅटरी संपेपर्यंत बटण दाबत बसतो. स्विच दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, आतल्या पितळेवर चढलेला गंज थोडा घासला जातो.

मग न्यूट्रल, क्लच आणि साइड स्टँड. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो का बघा, नसेल लागत तर क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा. काही गाड्यांना न्यूट्रलमध्ये असूनही क्लच दाबावाच लागतो. साइड स्टँडचा सेन्सर तर आमच्याकडचा खास पाहुणा, हरमल-मोरजीच्या बाजूला वाळू, डिचोली-साखळीच्या बाजूला लाल चिखल, सगळं त्या छोट्याशा स्विचवर जाऊन बसतं आणि गाडीला वाटतं स्टँड खालीच आहे. मग सेल्फ फिरत नाही, किंवा न्यूट्रलला चालू होते आणि गिअर टाकला की बंद. पाण्याने धुवा, स्टँड चार-पाच वेळा वर-खाली करा, परत बघा. प्रेशर वॉशरचा फवारा सरळ त्या स्विचवर मारू नका, पाणी आत गेलं की मग तो बदलावाच लागतो.

स्कूटरवाल्यांनी ब्रेक बघायचा. ब्रेक दाबल्याशिवाय स्कूटरचा सेल्फ लागत नाही, आणि ब्रेकच्या लिव्हरखालचा स्विच खराब झाला तर ब्रेक दाबूनही लागत नाही. डावा ब्रेक दाबा आणि कुणाला तरी मागचा लाल दिवा बघायला सांगा. दिवा लागला नाही तर उजवा दाबून सेल्फ मारा. उजव्यावर लागली तर दोष सापडला, स्विच स्वस्तातली वस्तू आहे.

पेट्रोल कॉक, रिझर्व्ह आणि चोक हे कार्बोरेटरवाल्यांसाठी. इंजेक्शनवाली गाडी असेल तर चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद टाकीतून पंपाचा बारीक गूंऽऽ असा आवाज येतो का ते ऐका. तो आवाज नसेल तर किती किका मारल्या तरी इंजिनाला पेट्रोल जाणार नाही, आधी फ्यूज आणि बॅटरी बघा.

आता टर्मिनल, आणि इथे जरा वेळ द्या

माझा अनुभव विचाराल तर गोव्यातली निम्मी "बॅटरी गेली" ही मुळात टर्मिनलची तक्रार असते. समुद्राची खारी हवा, चार महिने सतत ओल, त्यात गाडी बाहेर माडाखाली उभी. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते आणि बोल्ट हळूहळू सैल होतो. हेडलाइट, हॉर्नला थोडाच करंट लागतो तो अशा घाणीतूनही जातो, म्हणून दिवे छान दिसतात. सेल्फच्या मोटरला त्याच्या कित्येक पट करंट एका क्षणात लागतो आणि तो तिथे अडतो. म्हणून "दिवे लागतायत म्हणजे बॅटरी चांगली आहे" हे समजणं चुकीचं, आणि "सेल्फ लागत नाही म्हणजे बॅटरी गेली" हेही तितकंच चुकीचं.

करायचं असं. चावी बंद. आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवा, मग लाल. लावताना उलट, आधी लाल, शेवटी काळी. हा क्रम महत्त्वाचा आहे कारण काळी जोडलेली असताना लाल बोल्टवरचा पाना चुकून चेसिसला लागला तर सरळ शॉर्ट, पाना लालबुंद होतो आणि हात भाजतो. टोकं गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने साफ करा (पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका), सुकवा, पॉलिश पेपर हलका फिरवा, बोल्ट घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. काही जण आधी व्हॅसलीन फासून मग आवळतात, तसं नको, धातूला धातू आधी नीट टेकला पाहिजे. काळ्या वायरचं दुसरं टोक चेसिस किंवा इंजिनला जिथे बोल्ट केलंय ते पण काढून साफ करा, तिकडे कुणी बघतच नाही.

फ्यूज पण इथेच असतो, बॅटरीच्या किंवा रिलेच्या शेजारी छोट्या डबीत, बहुतेक वेळा एक जादाचा पण ठेवलेला असतो. उडाला असेल तर तेवढ्याच ॲम्पिअरचा घाला. तांब्याची तार गुंडाळून काम भागवू नका, पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल आणि वर पेट्रोलची टाकी आहे.

मल्टिमीटर असेल तर

साधा डिजिटल मल्टिमीटर स्वस्तात मिळतो आणि एकदा घेतला की बॅटरीबद्दलचे सगळे वाद मिटतात. डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभी असलेली गाडी, चावी बंद, बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे बरी, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.

पण इथे थांबू नका, कारण म्हातारी बॅटरी उभ्या-उभ्या १२.६ दाखवते आणि सेल्फ मारला की कोसळते. म्हणून बटण दाबलेलं असताना आकडा बघा. १० च्या आसपास किंवा वर राहिला तर बॅटरी ठीक. ७-८ वर आपटला तर आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करून परत हीच टेस्ट, तरीही आपटला तर बॅटरी गेली (क्वचित मोटर आतून जाम असते). आणि आकडा १२.५ वरून हललाच नाही, फक्त टक झालं, तर बॅटरीला हात लावू नका, कारण तिच्यातून कुणी करंट ओढलाच नाही, पुढे रिले-केबल-मोटर बघायची.

शेवटची टेस्ट, गाडी किकवर नाहीतर कशीही चालू करा, रेस थोडी वाढवून धरा आणि परत टोकांवर मोजा. साधारण १३.५ ते १४.५ यायला पाहिजे. १३ च्या खालीच राहिला तर चार्जिंगच होत नाहीये, चार्जिंगची कॉइल नाहीतर आरआर युनिट (चार्जिंगचा करंट आवरून बॅटरीला देणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर), नवीन बॅटरी घातलीत तरी काही दिवसांत ती पण उतरणार. १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट जादा करंट देतंय, बॅटरी उकळून मरेल आणि बल्ब उडतील. नवीन बॅटरी घालूनही परत परत तोच त्रास होणाऱ्यांनी हा चेक सोडू नये.

चार्जिंग ठीक आहे आणि तरी बॅटरी उतरते, तर वापर बघा. आमच्याकडचे पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, स्टँडवरून भाडं उचललं, दोन किलोमीटर, बंद, परत चालू. किंवा रोज रायबंदर-चोडण फेरीवर चढताना-उतरताना बंद-चालू करणारे. सेल्फने जेवढं ओढलं तेवढं परत भरायला दोन किलोमीटर पुरत नाहीत, त्यात १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांना दिवसाही हेडलाइट चालू, म्हणजे बॅटरीत परत जाणारा करंट अजून कमी. १००-११० सीसीच्या गाडीची बॅटरी असते साधारण ३-४ एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती साठतं ते), तिच्याकडून अपेक्षा तरी किती ठेवायची. अशा लोकांना मी स्पष्ट सांगतो, किक आहे ना, मग सकाळची पहिली स्टार्ट किकवरच मारा, थंड इंजिन फिरवायलाच सगळ्यात जास्त जोर लागतो. सेल्फ दिवसभर वापरा.

दुसरं कारण म्हणजे बाहेरून बसवलेली अलार्म, जीपीएस, मोबाइल चार्जर, एलईडी पट्ट्या. रेंटच्या काळ्या पाटीवाल्या गाड्यांत हे फार दिसतं. एक एक काढून रात्रभर ठेवून बघा.

सेल्फ बटण एका वेळी पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका, मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबा. मोटर तापते आणि बॅटरीला सावरायला वेळ मिळत नाही. मोठ्या सिंगल सिलिंडरवाल्यांनी, म्हणजे बुलेट-क्लासिकवाल्यांनी, हे जास्त पाळा. बॅटरी कमजोर असताना सेल्फ मारत राहिलं की इंजिन अर्धवट फिरून उलटा झटका देतं आणि तो झटका स्प्रॅग क्लच खातो, स्प्रॅगचं काम इंजिन उघडून आहे, बॅटरीच्या कितीतरी पट खर्च.

किकची तक्रार

किक खाली जाते आणि इंजिन फिरत नाही, तर सगळ्यात आधी किकचा बाहेरचा बोल्ट बघा. तो सैल राहिला की लिव्हरच्या आतले दात झिजतात आणि लिव्हर शाफ्टवर नुसती घसरते. वेळेत आवळलात तर काही खर्च नाही, झिजली असेल तर लिव्हर बदला, शाफ्टचे दात जाईपर्यंत थांबू नका कारण मग इंजिन खोलावं लागतं.

मग क्लच. किकचा जोर बऱ्याच गाड्यांत क्लचमधूनच इंजिनला जातो, त्यामुळे अशा गाडीत क्लच स्लिप होत असेल तर किक पण स्लिप होते. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल आहे का बघा. केबल ताणलेली असेल तर ॲडजस्टर फिरवून सैल करा आणि परत किक मारा. पुष्कळदा एवढ्यातच काम होतं. नाही झालं, आणि घाटात चढाला रेस वाढते पण गाडी पळत नाही असंही होत असेल, तर क्लच प्लेट.

किकला दाबच लागत नाही, हाताने दाबली तरी खाली जाते आणि इंजिन फिरतंय, म्हणजे कॉम्प्रेशन नाही, व्हॉल्व्ह नाहीतर रिंग. इथे मेकॅनिक.

मारायची पद्धत पण सांगतो, कारण हल्लीच्या पोरांना सेल्फची सवय, किकवर नुसते नाचतात. गाडी न्यूट्रलला, जमलं तर मेन स्टँडवर. किक हळू दाबत जा, एका जागी कडक लागते, तिथे थांबा, वर सोडा आणि मग पूर्ण खालपर्यंत एका दमात मारा. रेस बंद. पायात चप्पल नको, बूट पाहिजे. किक उलटी आली तर घोटा जातो, आणि जुन्या पॉइंटवाल्या बुलेटवर हे खरोखर होतं.

इंजिन फिरतंय पण पेटत नाही

पावसात प्लग कॅप काढून सुक्या फडक्याने आतून पुसा, बाहेरून वायर पण. पाणी असेल तर स्पार्क प्लगपर्यंत न जाता वाटेतच इंजिनवर उतरतो. मग प्लग काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा वास येतोय तर फ्लड झालंय, म्हणजे आत जादा पेट्रोल गेलंय, प्लग पुसा, कार्बोरेटरवाल्यांनी चोक बंद करून रेस पूर्ण उघडून काही किका माराव्यात. अगदी कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाहीये. काळा काजळलेला असेल तर साफ करा, गॅप मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा ठेवा, जुना झाला असेल तर नवीन घाला, प्लग ही काही महागाची गोष्ट नाही. पेट्रोलचा वास येत असताना प्लग बाहेर टेकवून स्पार्क बघायचा प्रकार करू नका.

गाडी महिना-दोन महिने उभी होती, मालक जहाजावर, घरी कुणी चालवत नाही, अशी असेल तर टाकीतलं पेट्रोल संशयाने बघा. आताच्या ई२० पेट्रोलमधलं (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉल घेऊन तळाला वेगळं बसतं. पाणी असेल तर किक, सेल्फ, काहीही मारा, पेटणार नाही. टाकी रिकामी करणं हाच उपाय. परदेशी जाताना निदान बॅटरीची काळी वायर तरी सोडवून जा.

किक नसलेल्या गाड्या

यामाहा एफझीला २००८ पासूनच किक नाही, २०२१ ची नवी क्लासिक ३५० आली तीही बिनाकिकची. यांना दुसरा रस्ता नाही, म्हणून वरचा टर्मिनलचा आणि मल्टिमीटरचा चेक पावसाळ्याआधी एकदा कराच. गिअरची गाडी ढकलून दुसऱ्या गिअरवर चालू होते, पण इंजेक्शनवाली असेल आणि बॅटरी पूर्ण मेली असेल तर पंप आणि ईसीयूलाच (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) करंट नाही, कितीही ढकला. हल्लीची बिनगिअरची स्कूटर ढकलून चालू होतच नाही, इंजिन बंद असताना तिचा क्लच सुटलेलाच असतो. आणि आवाज न करता चालू होणाऱ्या नव्या स्कूटरमध्ये वेगळी सेल्फ मोटर नसते, चार्जिंगची कॉइलच इंजिन फिरवते आणि सगळं ईसीयूच्या ताब्यात, तिथे टक-टक आवाजावरून निदान चालणार नाही, वायरी उघडू नका.

बॅटरी उतरलीय आणि किकवर चालते म्हणून महिनोन् महिने तसंच ढकलणारे पण बघितलेत. चालते, पण आरआर युनिटवर ताण येतो, बल्ब उडतात. आणि बॅटरीची वायर चालू गाडीत तर कधीच काढू नका, व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू, सीडीआय (स्पार्क देणारा डबा) जाऊ शकतं.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

गाडी पुराच्या पाण्यात सायलेन्सर-एअर फिल्टरच्या वर बुडाली असेल तर किक नाही, सेल्फ नाही, चावी पण नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलच्या काचेतून बघा, दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणी आत गेलंय, गाडी टेम्पोत घालून न्या.

नवीन फ्यूज लगेच परत उडाला, वायर गरम लागते, जळका वास येतोय, बॅटरी फुगलीय किंवा गळतेय, पेट्रोल कुठूनतरी ठिबकतंय: थांबा. बटण सोडलं तरी सेल्फ फिरतच राहिला तर रिले आत चिकटलाय, चावी बंद करा, तरी थांबला नाही तर बॅटरीची काळी वायर काढा, मग फोन. किक अर्ध्यात अडकली तर जोर लावू नका, उड्या मारू नका, आतला गिअर तुटलेला असू शकतो. इंजेक्शनचा पिवळा दिवा गाडी चालू झाल्यावरही जात नसेल तर स्कॅनर लागणार. आणि रिलेचे दोन बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडून सेल्फ फिरवायचा जो व्हिडिओ फिरतो तो घरी करू नका, ठिणगी मोठी उडते, शेजारी बॅटरीचा गॅस आणि वर पेट्रोल.

मेकॅनिकला फोन करताना "गाडी बंद पडलीय" एवढंच सांगू नका. आवाज कुठला होता, एक टक की पटापट, दिवे मंद होत होते का, किकवर लागली का, उभी असताना आणि बटण दाबल्यावर मीटरवर किती आलं, आणि रात्री गाडी पावसात होती का, हे सांगा. एवढं कळलं की तो बॅटरी घेऊन यायचं की रिले की टेम्पोच पाठवायचा ते फोनवरच ठरवतो आणि तुमची एक फेरी वाचते.